रंगीत शर्ट आणि कर्जाचा अर्ज

'एक नूर आदमी, दस नूर कपडा' ही म्हण दिल्लीत पाऊल ठेवल्यापासून माझ्या कानांवर इतक्या वेळा पडली आहे की, ती येथील नगरपालिकेने फलकांवर लिहून ठेवली असती तरी मला नवल वाटले नसते. आपल्याकडे मात्र 'दिसते तसे नसते, म्हणूनच जग फसते' असे बाळकडू पाजले जाते. एकीकडे कपड्याने माणसाचे तेज दहापट वाढते असा विश्वास, तर दुसरीकडे कपडा जितका झगझगीत तितका माणूस संशयास्पद असा समज. या दोन म्हणींच्या कात्रीत सापडून माझ्यासारख्या अधिकाऱ्याच्या हातून काय घडू शकते, ते सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

माझे बालपण इचलकरंजीत गेले. वडील एका सहकारी पतसंस्थेत लिपिक होते. त्यांच्याकडे कामावर जाण्यासाठी चार शर्ट होते: दोन पांढरे, दोन फिकट निळे. दिवाळीला नवे कापड आणले जाई तेही याच दोन रंगांतले. 'पैशाच्या व्यवहारात बसणाऱ्याने डोळ्यांत भरू नये,' हे त्यांचे वाक्य मी परीक्षा देऊन बँकेत रुजू झालो तेव्हा मनोमन शिरोधार्य मानले होते. तीन वर्षांपूर्वी दिल्लीस बदली झाली तेव्हा माझ्या पेटीतही पांढऱ्या आणि फिकट निळ्या शर्टांखेरीज काहीही नव्हते.

आमची शाखा जमनापार, म्हणजे यमुनेच्या पूर्वेस आहे. रुजू होऊन वर्ष झाले असेल. एका सकाळी तिशीतला एक गृहस्थ मुद्रा योजनेतील 'तरुण' गटातून आठ लाखांच्या कर्जासाठी अर्ज घेऊन आला. त्याच्या अंगात काळ्याभोर पार्श्वभूमीवर केशरी पोपट असलेला शर्ट होता. पोपट लहानसहान नव्हते, एकेक वीतभर. त्याने जीएसटीची विवरणपत्रे, वर्षभराचा खातेउतारा, यंत्रांची बिले, सर्व काही क्रमवार लावून आणले होते. मी ती पाने उलटली खरी, पण वाचले ते पोपट. 'पुढच्या आठवड्यात या' असे सांगून फाइल गठ्ठ्याच्या तळाशी सरकवली, आणि टिपणाच्या मसुद्यात 'अर्जदाराची राहणी खर्चिक दिसते' असे एक वाक्यही लिहून ठेवले.

आमच्या शाखा व्यवस्थापक बाई निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेल्या, जन्माने दिल्लीकर. मसुदा वाचून त्यांनी चष्मा काढला आणि शांतपणे विचारले, "रिटर्न देखे आपने, या शर्ट?"

त्या प्रश्नाने मी वरमलो. त्या वेळी उत्तर सुचले नाही. पुढे मात्र त्या अनुषंगाने वाचन आणि विचार दोन्ही घडले.

कचेरीतला फिका शर्ट हा आपल्या साध्या राहणीचा पिढीजात वारसा आहे, अशी आपली समजूत असते. इतिहास काही निराळेच सांगतो. पेशवाईतील प्रतिष्ठित पुरुष जरीचा अंगरखा घालीत, खांद्यावर शेला घेत आणि कानात भिकबाळी मिरवीत. त्यात कोणालाही थिल्लरपणा दिसत नसे. दिल्लीचा आणि पुण्याचा तर वस्त्रावरून मोठा राजकीय संबंध आहे. बादशहा शाहआलमने दिलेल्या वकील-इ-मुतलक या पदाची मानवस्त्रे घेऊन महादजी शिंदे १७९२ मध्ये पुण्यास आले आणि सवाई माधवरावांना ती समारंभपूर्वक अर्पण केली. नाना फडणिसांना हा प्रकार रुचला नव्हता. एका पोशाखावरून मुत्सद्द्यांत मतभेद व्हावेत, इतके त्या काळी पुरुषाच्या वस्त्राला मोल होते.

युरोपातही अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत दरबारी पुरुष रेशीम, झालरी आणि भरतकाम यांत स्त्रियांशी बरोबरी करीत. त्यानंतर त्यांनी काळ्या-करड्या कोटाचा आश्रय घेतला. जे. सी. फ्ल्यूगेल या मानसशास्त्रज्ञाने १९३० साली लिहिलेल्या ग्रंथात या घटनेला पुरुषांनी केलेला महान त्याग असे नाव दिले आहे. इंग्रजांच्या कचेऱ्यांबरोबर तो त्याग आपल्याकडे आला आणि गांधीयुगातील पांढऱ्या खादीने त्याला नैतिक वजन दिले. खादीमागे विचार होता, चळवळ होती. आमच्या फिकट निळ्या टेरिकॉटमागे मात्र, खरे सांगायचे तर, चारचौघांत वेगळे दिसण्याची भीतीच अधिक होती.

आणि हौस काही मेली नाही. तिने फक्त जागा बदलली. मराठी पुरुषाकडे लग्नमंडपात किंवा गणपतीच्या मिरवणुकीत पाहा. डोक्यावर गुलाबी, केशरी, लहेरिया असा फेटा, तुरा हवेत डुलतो आहे, आणि त्याखाली पांढराशुभ्र सदरा. रंगाची सारी भूक आपण मानेच्या वर भागवून घेतो! दिल्लीतील मराठी मंडळांच्या गणेशोत्सवातही हेच दृश्य दिसते. फेटा परंपरेच्या नावाखाली चालतो. तोच रंग शर्टावर उतरला की भुवया उंचावतात. विरारच्या गोविंदाने नव्वदच्या दशकात पिवळे, लाल, हिरवे कपडे घालून पडदा दणाणून सोडला तेव्हा आम्ही शिट्ट्या मारल्या, पण तसा शर्ट शिवून घेण्याचे धैर्य आमच्या गल्लीत कोणी दाखवले नाही.

दिल्लीने हे धैर्य फार पूर्वीच दाखवले आहे. १९६० मध्ये जॉन बिसेल यांनी येथे सुरू केलेल्या फॅबइंडियाने हातछपाईचे कापड सुशिक्षित शहरी पुरुषाच्या अंगावर चढवले. १९८६ मध्ये राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था याच शहरात स्थापन झाली, आणि २००० सालचा देशातील पहिला फॅशन सप्ताहही येथेच भरला. २००९ मध्ये केवळ पुरुषांच्या वेशभूषेसाठी वाहिलेला सप्ताह दिल्लीत झाला. आणि या साऱ्या प्रवासात रोहित बल यांचे नाव वगळता येणार नाही. श्रीनगरात जन्मलेल्या या कलावंताने पुरुषांच्या मखमली अंगरख्यांवर कमळे, गुलाब आणि मोर फुलवले, आणि धिप्पाड पुरुषांनी ते अभिमानाने ल्याले. दीर्घ आजारपणातून उठून ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांनी दिल्लीच्या इम्पीरियल हॉटेलात आपला अखेरचा संग्रह सादर केला. त्यानंतर तीनच आठवड्यांत, १ नोव्हेंबर २०२४ रोजी, त्यांचे निधन झाले. अर्थात त्यांचा अंगरखा तुमच्या-माझ्या पगारात बसणारा नव्हे. परंतु मंचावरचे फूल वर्षा-दोन वर्षांत गांधीनगरच्या गल्लीत छापले जाते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

गांधीनगर ही तयार कपड्यांची आशियातील सर्वांत मोठी घाऊक बाजारपेठ म्हणून ओळखली जाते. पोपटवाल्या अर्जदाराची कार्यशाळा तेथेच, अरुंद जिना चढून तिसऱ्या मजल्यावर होती. बाईंच्या सांगण्यावरून मी स्थळपाहणीस गेलो, तेव्हा सहा शिलाई यंत्रे चालू होती आणि लांब मेजावर कापडाचे थर अंथरून मास्टरजी कटाई करीत होते. मालक शर्टाची पट्टी आणि खिसा दाखवू लागला. पट्टीच्या दोन्ही बाजूंचे पोपट एकमेकांना अचूक जुळत होते. खिशावरील पंख खालच्या पंखात मिसळून गेला होता, खिसा शोधावा लागे. हे जुळवण्यासाठी कापड जास्त लागते, वेळ जास्त लागतो, आणि अनाडी कारागीर असेल तर शर्ट वाया जातो. साध्या शर्टात हे कौशल्य दाखवायला जागाच नसते.

"साहेब, पांढरा शर्ट पाच रुपयांच्या फरकावर विकला जातो," तो म्हणाला. "शेजारच्या दुकानदाराने पाच रुपये कमी सांगितले की गिऱ्हाईक गेले. माझा शर्ट डोळा लागला तरच जातो. मग कोणी पाच रुपयांची घासाघीस करीत नाही."

बँकेच्या दृष्टीने रंगीत मालाचा धोका उघड आहे. पांढरा शर्ट शिळा होत नाही; पोपट एका मोसमात म्हातारे होतात. खेळत्या भांडवलासाठी आपण अंदाजित उलाढालीच्या २० टक्के मर्यादा देतो, पण गोदामात पडून राहिलेल्या जुन्या मालावर आहरणशक्ती धरत नाही. याविषयी विचारले तेव्हा त्याने वही पुढे केली. एका नक्षीचे तो केवळ ६० शर्ट शिवतो, चार मापांत. त्यांची छायाचित्रे व्यापाऱ्यांना मोबाइलवर पाठवतो. ज्या नक्षीला मागणी येते तिचीच पुन्हा कटाई; जी पडली ती आठवडी बाजारात मुद्दलात काढायची. मी एम.कॉम.ला साठानियंत्रणावर दोन पेपर दिले होते. ते सारे त्या तेलकट वहीत होते.

निघताना सहज कापडाच्या तागाकडे लक्ष गेले. "ही पॉपलिन कोठली?" असे विचारताच तो म्हणाला, "महाराष्ट्रातली. इचलकरंजी." माझ्या मामांचे चार यंत्रमाग होते. आयुष्यभर त्यांनी कोरे पॉपलिन विणले, आणि त्या कापडाचे पुढे काय होते ते त्यांनी कधी पाहिले नाही. ते सांगायला मामा आज हयात नाहीत.

कर्ज मंजूर झाले. त्याचे हप्ते नियमित येतात. एकही चुकलेला नाही. मी टिपणातील ते वाक्य खोडले, हे वेगळे सांगायला नको. मात्र ते वाक्य मसुद्यातच राहिले असते आणि व्यवस्थापक बाईंची नजर त्यावर पडली नसती, तर सहा कारागिरांची यंत्रे माझ्या एका पूर्वग्रहापायी थांबली असती, ही जाणीव मला अजून अस्वस्थ करते.

येथवर वाचून कोणी असा समज करून घेऊ नये की, उंची कपड्यांच्या प्रत्येक वेडाचा मी पुरस्कर्ता झालो आहे. रंगाची आवड निराळी आणि नावाची हाव निराळी. गुरुग्राम-नोएडातील कित्येक तरुण ग्राहक पहिल्या नोकरीच्या तिसऱ्या महिन्यातच पंधरा-वीस हजारांचा नामांकित शर्ट क्रेडिट कार्डावर घेतात आणि देयकाची फक्त किमान रक्कम भरतात. उरलेल्या रकमेवर महिन्याला तीन-साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांच्या आसपास व्याज चढते. शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीवरील बिनव्याजी मुदतही हातची जाते. शर्टाचा रंग विटतो, थकबाकीचा विटत नाही. अशा शर्टात रंग बहुधा फिकाच असतो, हीदेखील एक गंमत! किंमत कॉलरच्या आतल्या चिठ्ठीची असते, आणि ती चिठ्ठी कोणाला दिसत नाही म्हणून मग छातीवर चिन्ह हवे.

वस्तू व सेवा कराने तर ही रेषा आता आखूनच दिली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यावर ५ टक्के आणि त्यापुढच्या कपड्यावर १८ टक्के कर आहे. गांधीनगरचा पोपट अलीकडच्या तीरावर सुखाने बसला आहे. हौस भागवायची असेल तर तेवढ्या रकमेत, महिन्याच्या बचतीतून, रोखीने भागवता येते; त्यासाठी कार्ड घासण्याची गरज नाही. सरोजिनीनगरच्या बाजारात निर्यातीतून उरलेले उत्तम शर्ट काही शेकड्यांत मिळतात, आणि तेथे महाविद्यालयीन मुलांच्या बरोबरीने पन्नाशीचे गृहस्थही ढिगाऱ्यात हात घालताना दिसतात.

गेल्या दिवाळीत मी त्या अर्जदाराकडून एक शर्ट विकत घेतला. पैसे देऊन, पावती घेऊन. कर्जदाराकडून भेट स्वीकारणे नियमात बसत नाही. गर्द हिरव्या रंगावर पिवळे मासे आहेत. सुट्टीत तो घालून घरी गेलो तेव्हा वडिलांनी बराच वेळ पाहिले. मग जवळ बोलावून, बोटांनी कापड चाचपून, "पॉपलिन आपल्याकडचं दिसतंय," एवढेच म्हणाले. मासे आवडले की नाही, ते शेवटपर्यंत कळले नाही.

त्या खात्याच्या साठ्याची पुढील तपासणी मार्चमध्ये आहे. पाहणीस मीच जाणार आहे. कोणता शर्ट घालून, हे मात्र अद्याप ठरलेले नाही.