यंदाचं राहू दे, या महिन्याचं बोल

लातूरच्या ट्यूशन एरियात कुणालाही विचारा, ध्येय काय? उत्तर ठरलेलं: नीट. नांदेडला विचारा, नीट नाहीतर एमपीएससी. चांगलंच आहे. पण ही ध्येयं वर्षा-दोन वर्षांची. मेसचे पैसे आणि रूमचं भाडं मात्र दर महिन्याला द्यावं लागतं. मग एखादं ध्येयही महिन्याचं का नसावं? आणि तेही मार्कांबाहेरचं.

म्हणजे कसलं? महिनाभरात भाकरी थापायला शिकायची. (पोरांनो, हे तुम्हालाच!) घरी फोन केला की टेस्टचे मार्क सांगून लगेच ठेवायचा नाही, आडतीवर सोयाबीनला काय भाव लागला, आईचे गुडघे कसे आहेत, हेही विचारायचं. 'रोज पहाटे चारला उठणार' असलं काही नको, ते तिसऱ्या दिवशी मोडतं.

मोजता येईल असं हवं. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून 'जलदूत' रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा लातूरकर घागरी मोजून दिवस काढत होते. आता कोण मोजतं? या महिन्यात एका बादलीत अंघोळ, एवढंच ठरवून बघा. जमलं की नाही, ते रूम पार्टनर सांगेलच.