गाळा भाड्याचा चालेल, पाटी आपलीच हवी

दुकानासाठी गाळा घेताना आपला व्यापारी दहा गोष्टी विचारतो. पागडी किती, भाडे दरसाल किती वाढणार, पावती कोणाच्या नावाने फाटणार, पावसाळ्यात पाणी गळते काय, आणि मालकाने उद्या गाळा खाली करा म्हटले तर माल हलवायला किती दिवस मिळणार. याच व्यापाऱ्याला एखाद्या तरुणाने येऊन सांगितले की, "चाचा, पाच हजारात तुमची वेबसाईट करून देतो," तर तो एकच गोष्ट विचारतो, "दिसायला कशी असेल?"

आमच्या मते घोळ इथेच होतो. वेबसाईट हेही दुकानच आहे. गाळ्याला लावतो ते सारे प्रश्न तिलाही लावले पाहिजेत.

पूर्वी वेबसाईट करणे हे कोड लिहिणाऱ्या इंजिनिअरचे काम होते. आता तसे राहिलेले नाही. विक्स, वर्डप्रेस, शॉपिफाय, गूगल साईट्स, आपल्या चेन्नईच्या झोहो कंपनीची साधने, अशी बरीच सोय उपलब्ध आहे. तयार नमुना निवडायचा, त्यात आपले फोटो बसवायचे, मजकूर टाईप करायचा, झाले. मालेगावचा साडीवाला, भिवंडीचा ग्रे कापडवाला, सोलापूरचा चादरवाला किंवा मिरजेचा सतार घडवणारा कारागीर, कोणालाही हे जमण्यासारखे आहे. प्रश्न एवढाच उरतो की यातले कोणते घ्यावे. आमचे उत्तर असे की, साधन कोणतेही घ्या, पण निवडताना ते सोडून जायची वेळ आली तर आपल्या हाती काय उरेल, हे पहिल्यांदा पाहा.

बंद पडलेले बाजार

हे आम्ही कल्पनेने सांगत नाही. १९९० च्या दशकात जिओसिटीज नावाची फुकट वेबसाईट देणारी मोठी सेवा होती. १९९९ मध्ये ती याहूने विकत घेतली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये बंद केली. लाखो लोकांची पाने त्यावर होती.

अलीकडचे उदाहरण तर आपल्या दारातले आहे. गूगलच्या नकाशावर दुकानाची नोंद केली की त्याच माहितीतून एक फुकट वेबसाईट तयार करून मिळत असे. तिच्या पत्त्याच्या शेवटी 'बिझनेस डॉट साईट' असायचे. अनेक लहान दुकानदारांनी ती घेतली. मार्च २०२४ मध्ये गूगलने या सगळ्या वेबसाईट बंद केल्या. १० जून २०२४ पर्यंत जुना पत्ता उघडला की गिऱ्हाईक नकाशावरील नोंदीकडे पाठवले जात होते, त्यानंतर तीही सोय संपली. नकाशावरची नोंद राहिली, पण ज्यांनी तो पत्ता व्हिजिटिंग कार्डावर, बिलबुकावर आणि कापडी पिशव्यांवर छापून घेतला होता, त्यांची छपाई वाया गेली.

"आम्हाला वेबसाईट कशाला? व्हॉट्सॲप आहे की," असे म्हणणारे बंधू पुष्कळ आहेत. व्हॉट्सॲपचा उपयोग आम्हीही रोज करतो, डिझाईन पाठवायला त्यासारखे साधन नाही. परंतु ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप एकाच वेळी जवळजवळ सहा तास बंद पडले होते. २९ जून २०२० रोजी सरकारने ५९ ॲपवर बंदी घातली, त्यात टिकटॉक होते. ज्यांनी आपले सारे गिऱ्हाईक टिकटॉकवर जमवले होते, त्यांचा बाजार एका रात्रीत उठला. बंदी योग्य की अयोग्य हा वेगळा विषय आहे. व्यापाऱ्याने यातून एवढेच घ्यावे की दुसऱ्याच्या जागेवर धंदा करताना आपले असे काहीतरी वेगळे ठेवावे.

पहिले काम नावाचे

ते वेगळे ठेवायचे म्हणजे आपले नाव. त्याला डोमेन म्हणतात. 'अमुक टेक्स्टाईल डॉट इन' किंवा 'डॉट कॉम' असे जे असते ते. त्याला वर्षाला काही शे ते हजार-दीड हजार रुपये लागतात. २०१४ पासून देवनागरीत 'डॉट भारत' असे नावही घेता येते. मात्र परप्रांतातल्या व्यापाऱ्याला देवनागरी टाईप करणे अवघड जाते, म्हणून इंग्रजी अक्षरातले नाव आधी घ्यावे.

नाव आपले असले की खालचे साधन कितीही वेळा बदलता येते. आज गूगल साईट्स, उद्या वर्डप्रेस, गिऱ्हाईक त्याच पत्त्यावर येते. गाळा बदलला तरी पाटी तीच, असा हा प्रकार आहे. फुकटच्या योजनेत मात्र पाटीवर त्या कंपनीचे नाव असते. विक्सच्या फुकट योजनेत पत्त्यात विक्सचे नाव येते आणि पानावर त्यांची जाहिरातही दिसते.

यात सर्वात जास्त फसगत कुठे होते तेही सांगतो. आमच्या ओळखीच्या एका चादर व्यापाऱ्याची वेबसाईट एका तरुणाने करून दिली. काम चांगले होते. पण डोमेन त्याने स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या मोबाईलवर नोंदवले. दोन वर्षांनी तो परदेशी नोकरीला गेला, नूतनीकरणाची सूचना त्याच्या ईमेलवर येत राहिली, आणि मुदत संपून नाव हातचे गेले. यात कोणाची बदनियत नव्हती. कागद दुसऱ्याच्या नावाने होता, एवढेच. म्हणून वेबसाईट कोणाकडूनही करून घ्या, पण डोमेनची नोंद आपल्या ईमेलवर, आपल्या मोबाईलवर आणि आपल्या खात्यातून पैसे भरून करा. पासवर्ड घरात एकाला तरी सांगून ठेवा. आणि डोमेन एका कंपनीकडून दुसरीकडे नेण्यासाठी 'ऑथ कोड' लागतो, तो आपल्याला सहज मिळतो की नाही हे आधीच विचारा.

साधन निवडताना चार प्रश्न

पहिला प्रश्न: सोडून जाताना काय नेता येईल? विक्सवर बांधलेली वेबसाईट जशीच्या तशी उचलून दुसरीकडे नेता येत नाही. मालाची यादी काढून घेता येते, पण मांडणी पुन्हा करावी लागते. शॉपिफायमधूनही मालाची आणि गिऱ्हाइकांची यादी काढता येते, दुकान मात्र तिथेच राहते. वर्डप्रेस हे २००३ पासूनचे मोफत आणि खुले सॉफ्टवेअर आहे, त्यावरची वेबसाईट सगळीच्या सगळी एका होस्टिंगवरून दुसरीकडे नेता येते. त्याच्या बदल्यात वर्डप्रेसमध्ये अपडेट करणे, बॅकअप घेणे, चोरापासून जपणे ही राखण आपल्यालाच करावी लागते. ज्याच्या घरी हे करणारे कोणी नाही, त्याने भाड्याचे साधन घेतले तर आम्ही त्याला दोष देणार नाही. त्याने दर महिनाअखेर मालाची आणि गिऱ्हाइकांची यादी उतरवून घ्यावी आणि मूळ फोटो पेन ड्राईव्हवर ठेवावेत.

दुसरा प्रश्न: दुसऱ्या वर्षी भाडे किती? जाहिरातीत पहिल्या वर्षाचा भाव मोठ्या अक्षरात असतो. नूतनीकरणाचा भाव त्याच्या कितीतरी पट असू शकतो. तीन वर्षांचा हिशेब मांडूनच निर्णय घ्यावा. विक्रीवर किती कापले जाते तेही पाहावे. पेमेंट गेटवे साधारण शेकडा दोन रुपये आणि त्यावर जीएसटी घेतात. शॉपिफायवर आपल्याकडे बाहेरचे गेटवे जोडावे लागते, त्यामुळे विक्रीवर शॉपिफायचा हिस्सा वेगळा जातो. ज्या मालात शेकडा पाच-सहाच सुटतात, तिथे हा हिशेब लहान नाही.

तिसरा प्रश्न: आपली भाषा नीट चालते काय? आम्ही उर्दू माध्यमात शिकलो, म्हणून हा प्रश्न आमच्या जास्त जवळचा आहे. छापखान्यातून श्रीलिपीतला मराठी मजकूर किंवा जुन्या इनपेजमधला उर्दू मजकूर आणून वेबसाईटवर चिकटवला तर त्याची खिचडी होते. तो आधी युनिकोडमध्ये करून घ्यावा लागतो. उर्दू उजवीकडून डावीकडे चालते. ज्या नमुन्यात ती सोय नाही तिथे ओळ उलट्या बाजूला लागते आणि पूर्णविराम भलतीकडे जातो. वर्डप्रेस मराठीतही आहे आणि उर्दूतही. नस्तालीक वळण हवे असेल तर 'नोटो नस्तालीक उर्दू' हा फाँट फुकट मिळतो. पैसे भरण्यापूर्वी आपल्या दुकानाचे नाव तिन्ही भाषांत टाईप करून मोबाईलवर पाहावे.

चौथा प्रश्न: भाव बदलला तर तो कोण बदलणार? सुताचा भाव आठवड्यात दोनदा हलतो. प्रत्येक वेळी वेबसाईटवाल्याला फोन करावा लागत असेल तर महिनाभरात ते पान जुने होईल. घरातली दहावी शिकलेली मुलगी मोबाईलवरून फोटो आणि भाव बदलू शकते काय, हे पाहूनच साधन घ्यावे.

कोणाला काय पुरे

सगळ्यांना ऑनलाईन दुकानाची गरज नाही, हे आम्ही स्पष्टच सांगतो. ठोक व्यापाऱ्याने भाव उघड्यावर टाकू नयेत. त्याला चार पाने पुरेत: पेढीची माहिती, मालाचे नमुने, पत्ता व जीएसटी क्रमांक, आणि भाव विचारण्यासाठी व्हॉट्सॲपचे बटण. गूगल साईट्सवर हे फुकटात होते आणि तिला आपले डोमेनही जोडता येते. त्यावर विक्रीची गाडी, म्हणजे कार्ट मात्र नाही. ठोकवाल्याला याचा फायदा काय? केरळचा किंवा तेलंगणाचा नवा व्यापारी आगाऊ रक्कम पाठवण्याआधी मोबाईलवर आपले नाव शोधतो. तिथे पत्ता, गोदामाचा फोटो आणि चालू फोन नंबर दिसला तर त्याची निम्मी शंका मिटते.

कारागिराचे तसे नाही. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. छत्रपती संभाजीनगरच्या हिमरूचे नाव दूरवर आहे. अशा मालाचे गिऱ्हाईक भावाआधी हात कोणाचा आहे ते विचारते. त्याला भोपळा कसा निवडतात, लाकूड कोणते, एक नग व्हायला किती दिवस लागतात, हे दाखवावे लागते. मजकूर आणि फोटो साठत जाणारी अशी वेबसाईट वर्डप्रेसवर चांगली होते, आणि ती पुढच्या पिढीच्या हाती सोपवताही येते.

जो रोज नगावारी किरकोळ विकतो, त्याने शॉपिफाय, झोहो कॉमर्स किंवा वर्डप्रेसवरील वूकॉमर्स यांचा हिशेब मांडून बघावा. ऑनलाईन विक्री करणाऱ्यास ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० लागू होतात. पेढीचे नाव, पत्ता, संपर्क, तक्रार घेणाऱ्याचे नाव, माल परत घेण्याच्या अटी हे सारे पानावर द्यावे लागते. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात करायचे असते.

एक सूचना सर्वांनाच. फोटो आपल्याच मालाचे असावेत. सुरतच्या कोणाचे तरी देखणे फोटो उचलून लावणारे आपल्यातही आहेत. साडीच्या रंगात उन्हात आणि दिव्याखाली फरक पडतो, हातमागाच्या कापडात गाठ येते, हे लिहून द्यावे. खोट सांगून माल विकणे हा आपल्या बाजाराचा जुना दस्तूर आहे, तो वेबसाईटवरही पाळला तर माल परत येणे कमी होईल.

सांगण्याचे तात्पर्य, नमुना कोणता सुंदर यावर दिवस घालवू नयेत. या आठवड्यात आपल्या पेढीचे डोमेन मोकळे आहे काय ते पाहून आपल्या नावाने नोंदवावे, आणि त्याची पावती गाळ्याच्या भाडेपावत्यांच्या फाईलमध्ये लावावी. साधन कोणते हे त्यानंतर, वरचे चार प्रश्न विचारून, महिनाभरात ठरवले तरी चालेल.