घरची दुरुस्ती : शेडच्या कोब्याची भेग

ट्रॅक्टरच्या शेडमधील कोब्याला मोठी भेग पडली की आपण वरून सिमेंट सारवतो. वर्षभरात ती पुन्हा उघडते. कारण बहुधा खाली असते. काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि कोबा तिच्याबरोबर हलतो.

म्हणून आधी भेग पारखा. तिच्यावर सिमेंटची पातळ आडवी पट्टी लावून तारीख लिहा. एक पावसाळा व एक उन्हाळा जाऊनही पट्टी शाबूत राहिली, तर भेग थांबली असे समजा. मग छिन्नीने ती इंचभर खोल, तळाशी किंचित रुंद अशी कोरा. धूळ व तेल काढून पाणी मारा. सिमेंटची रबडी फासून १:३ प्रमाणात सिमेंट-वाळू ठासून भरा. सात दिवस वर ओली पोती ठेवा.

पट्टी तडकली, तर डांबर व कोरडी वाळू भरा. ते थोडे ताणले जाते. एक बाजू खचली असेल, तर तेवढा भाग फोडा, काळी माती काढा, मुरूम धुमसून नवा कोबा घाला. पागोळ्यांचे पाणीही शेडपासून दूर काढा.

तोवर भेगेजवळ जॅक लावू नका. तो कलंडला, तर खालचा माणूस चिरडेल.