भूमीतील देवघेव आणि आपले दायित्व

चरकसंहितेच्या विमानस्थानात जनपदोद्ध्वंसाची मीमांसा करताना वायू, उदक, देश व काल या चौघांची विकृती कारण मानली आहे. यांपैकी 'देश' म्हणजे भूमी हिच्याकडे आपले लक्ष सर्वांत कमी जाते. पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरातील वैद्यांस व औषधविक्रेत्यांस हे दुर्लक्ष परवडणारे नाही.

पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कारखान्यात १९५५ साली पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. तेथेच डॉ. तिरुमलाचार व सहकाऱ्यांनी 'स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना' या जिवाणूपासून हमायसिन हे बुरशीनाशक औषध मिळविले. या कुळातील जिवाणूंचे मुख्य वसतिस्थान माती. माती अशी औषधदात्री आहे. परंतु औषधास दाद न देण्याची विद्याही तिच्यातच आहे. प्रतिजैविक निर्माण करणाऱ्या जिवाणूस प्रथम स्वतःचा बचाव करावा लागतो, आणि त्या बचावाची जनुके त्याच्यापाशी असतात.

ही जनुके केवळ वंशपरंपरेनेच जातात असे नाही. 'प्लाझ्मिड' नामक लहानसा डीएनए एक जिवाणू दुसऱ्यास, क्वचित भिन्न जातीच्यासही, देतो. मृत जिवाणूचा विखुरलेला डीएनए काही जिवाणू आत घेतात. जिवाणुभक्षी विषाणूही जनुके वाहून नेतात. मातीतील निरुपद्रवी जिवाणूंत आणि रुग्णांतील रोगजंतूंत तंतोतंत सारखी प्रतिरोधी जनुके असल्याचे अमेरिकन संशोधकांनी २०१२ साली दाखविले.

ही देवघेव अनादि आहे, मग चिंता कसली, असे कोणी म्हणेल. देवघेव जुनी खरी. तिला मिळणारे उत्तेजन मात्र नवे आहे. प्रतिजैविकाचा अंश मातीत पोहोचला की प्रतिरोधी जिवाणूच तगतात व वाढतात. तांबे, जस्त यांचे अंशही हेच घडवू शकतात. कारण धातू व औषध या दोहोंच्या प्रतिरोधाची जनुके पुष्कळदा एकाच प्लाझ्मिडवर असतात. प्लेटिंगचे कारखाने असलेल्या या पट्ट्यात ही गोष्ट विशेष ध्यानी घ्यावी.

महाराष्ट्र शासनाच्या १९९२ च्या अधिसूचनेने अनेक आयुर्वेद व्यावसायिकांस आधुनिक औषधे वापरण्याची मुभा दिली. अधिकारासोबत दायित्व येते. साध्या प्रतिश्यायात प्रतिजैविक लिहू नये. चिठ्ठीवाचून ते विकू नये. २०१४ पासून लागू असलेल्या अनुसूची एच-१ ची नोंदवही प्रामाणिकपणे ठेवावी. मुदत संपलेला साठा उकिरड्यावर वा गटारात न टाकता वितरकाकडे परत करावा. ज्या भूमीतून आपण वनस्पती घेतो, तिचे आरोग्य राखणे हीही चिकित्साच होय.