वादळानंतरचा हिरवा समुद्र

चक्रीवादळ किनाऱ्यावर आदळले की पंचनामे होतात. पडलेली घरे, उन्मळलेली झाडे, फुटलेल्या होड्या यांची मोजदाद होते. ज्या समुद्रावरून ते आले त्याचे काय झाले, हे मात्र कुठल्याच पंचनाम्यात येत नाही. वास्तविक तिथे जबरदस्त नांगरणी झालेली असते.

उष्ण कटिबंधातील समुद्राच्या वरच्या थराला ऊन भरपूर, पण पोषण तोकडे. नायट्रेट, फॉस्फेट ही खते असतात खालच्या थंड, अंधाऱ्या पाण्यात. उबदार, हलके पाणी वर झाकणासारखे बसलेले असल्याने ऊन आणि खत यांची गाठ पडत नाही. वादळ हे झाकण उडवते. वारा पाणी घुसळतो, केंद्राजवळचे पाणी बाहेर लोटले जाते आणि खालचे वर येते. मग काही दिवसांतच वनस्पती-प्लवकांचे, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या तरंगत्या वनस्पतींचे, पीक फोफावते. जुलै २००० मध्ये दक्षिण चीन समुद्रात ‘काई-ताक’ हे मध्यम ताकदीचेच वादळ रेंगाळले, तर पाण्याचे तापमान सुमारे ९ अंशांनी उतरले आणि हरितद्रव्य जवळजवळ ३० पट झाले. ताकदीइतकेच महत्त्व रेंगाळण्याला आहे.

आपल्याकडे बंगालच्या उपसागरात ही घुसळण तितकी सोपी नाही. गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी यांचे गोडे पाणी तिथे वर पसरते आणि झाकण घट्ट होते. अरबी समुद्रात असा अडसर कमी. आणि वादळे वाढताहेत ती नेमकी इथेच. एकट्या २०१९ सालात ‘वायू’, ‘हिक्का’, ‘क्यार’, ‘महा’, ‘पवन’ अशी पाच चक्रीवादळे या समुद्राने पाहिली.

मग वादळ कोळ्याच्या फायद्याचे म्हणायचे काय? हा हिशेब फार भाबडा झाला. प्लवकांचे पीक दोन-तीन आठवड्यांत ओसरते. तारली, बांगड्याची वाढ व्हायला महिने लागतात. पीक येते भर समुद्रात, तेव्हा होडी बंदरात अडकलेली. पावसाळी बंदी ३१ जुलैला संपते, आणि ‘क्यार’, ‘महा’ आली ती त्यानंतरच्या ऐन हंगामात. शिवाय अरबी समुद्राच्या पोटात प्राणवायू जेमतेम असलेला अवाढव्य थर आहे. मेलेले प्लवक खाली बुडून कुजतात तेव्हा उरलासुरला प्राणवायूही खातात. तेव्हा समुद्र सुपीक झाला, या सबबीवर कोळ्यांची भरपाई कोणी कापू नये.

मासळी कुठे मिळेल याचा अंदाज हैदराबादचे महासागर माहिती सेवा केंद्र देते, ते पाण्याचे तापमान आणि हरितद्रव्य यांवरून. पण समुद्राचा रंग टिपणाऱ्या उपग्रहाला ढगांपलीकडचे दिसत नाही. वादळाचे ढग हटेपर्यंत त्या पिकाचे पहिले दिवस निसटून गेलेले असतात.