बघण्याचे पैसे

दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या गॅरेजांसमोर ठरावीक गर्दी दिसते. पावसाळाभर ताडपत्रीखाली पडून राहिलेल्या गाड्या पूजेसाठी बाहेर निघतात आणि त्यातल्या बऱ्याच किकला दाद देत नाहीत. एखादी आरएक्स १००, एखादी शोगन, कुणाच्या वडिलांची चेतक. या रांगेत आता टेम्पोतून उतरवलेली, दिवा नाही, नंबरप्लेट नाही, चिखल खायला केलेल्या टायरांची टू-स्ट्रोक डर्ट बाईकही अधूनमधून दिसू लागली आहे. मालकाचे वाक्य सगळीकडे एकच असते : ‘परवापर्यंत एका किकमध्ये सुरू होत होती.’ परवा म्हणजे बहुधा मे महिना.

डर्ट बाईकची हौस महाराष्ट्रात वाढते आहे, हे खरे. २०२३ मध्ये कावासाकीने केएक्स ६५ आणि केएक्स ११२ या टू-स्ट्रोक गाड्या भारतात विकायला काढल्या. जानेवारी २०२४ मध्ये पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलात इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली शर्यत झाली. पण हौस वाढली तरी गाडी बंद पडल्यावर काय करायचे, याची आपली रीत जुनीच आहे. आधी घाम फुटेपर्यंत किक मारायची, मग पार्ट बदलायला सांगायचे.

खरे तर टू-स्ट्रोकइतके सरळ इंजिन दुसरे नसेल. व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही. पिस्टन वरखाली होताना सिलिंडरच्या भिंतीतली भोके स्वतःच उघडतो आणि झाकतो. त्याला लागते ते एवढेच : वेळेवर ठिणगी, नीट मिसळलेले हवा-पेट्रोल, दाबून धरणारा सिलिंडर आणि खाली हवा न गळणारा क्रँकचा डबा. यातले काय कमी पडते आहे, ते गाडी स्वतः सांगते. फक्त तिला योग्य क्रमाने विचारावे लागते.

पहिला प्रश्न फुकटचा. पेट्रोलचा नळ उघडा आहे का? टाकीच्या झाकणातले हवेचे भोक मातीने बुजले आहे का? किल स्विच बंद स्थितीत तर नाही? या तीन गोष्टींपायी गॅरेजपर्यंत ढकलत आणलेल्या गाड्यांची संख्या कोणी मोजली, तर मालकांना ती आवडणार नाही.

त्यानंतर प्लग काढायचा आणि तो नुसता पुसायचा नाही, आधी बघायचा. पाचसहा किक मारूनही प्लग कोरडा निघाला, तर पेट्रोल वर पोचतच नाही. मग कार्बोरेटरच्या वाटीखालचा स्क्रू सोडून पेट्रोल काचेच्या ग्लासात घ्यावे. काहीच आले नाही तर नळ किंवा फ्लोटची सुई अडकली आहे. तळाशी वेगळे थेंब लोळताना दिसले तर ते पाणी. पेट्रोल स्वच्छ असेल तर संशय स्लो जेटवर जातो. त्याचे भोक इतके बारीक असते की चार महिन्यांत उडून गेलेल्या पेट्रोलचा चिकट थर ते बुजवायला पुरतो. पेट्रोल बाहेर सोडणाऱ्या बारीक नळीत कुंभारीण माशीने मातीचे घर बांधलेलेही सापडते. कुठल्याही कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये या माशीचा उल्लेख असणे अवघड आहे.

प्लग ओला निघाला तर गोष्ट उलटी. पेट्रोल पोचले आहे, ते पेटत नाही. प्लग टोपीत बसवून त्याचे लोखंड इंजिनला टेकवायचे आणि किक मारायची. हे करताना तो प्लगच्या उघड्या भोकापासून लांब धरावा, कारण तिथून पेट्रोलची वाफ बाहेर पडत असते. निळी, टचकन वाजणारी ठिणगी आली तर बहुधा इंजिन नुसतेच ओव्हर झाले आहे, म्हणजे त्यात जास्त पेट्रोल साचले आहे. नळ बंद करावा, ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून प्लगविना किक माराव्यात, कोरडा प्लग बसवावा. पिवळी, मरतुकडी ठिणगी आली किंवा आलीच नाही, तर आधी दुसरा चांगला प्लग लावून पाहावा. तो स्वस्त आहे आणि ही बदलाबदली तपासणीचाच भाग आहे. तरीही फरक नसेल तर किल स्विचची वायर सोडून पाहावी आणि त्यानंतरच कॉईल किंवा सीडीआयचे नाव काढावे.

ठिणगी आहे, पेट्रोल आहे, तरी गाडी ढिम्म? मग प्लगच्या भोकावर अंगठा दाबून किक मारायची. अंगठा उडायला हवा. उडत नसेल तर रिंग-पिस्टन झिजले आहेत, आणि शर्यतीच्या टू-स्ट्रोकमध्ये ते तासांच्या हिशेबाने बदलायचेच असतात. उरला क्रँकचा डबा. मॅग्नेटच्या बाजूचे सील गेले की इंजिन बाहेरची हवा ओढते, क्लचच्या बाजूचे गेले की गिअरचे ऑइल पिते आणि पांढरा धूर ओकते.

जुन्या मेकॅनिकांना हा क्रम पाठ होता. गिऱ्हाइकांना मात्र तेव्हाही उपायच आवडत. चेतक सुरू झाली नाही की तिला आडवी करायची, हे उभ्या महाराष्ट्राने एकदा तरी केले असेल. आडवी केल्यावर कार्बोरेटरमधले पेट्रोल थेट आत सांडायचे. पेट्रोल कमी पोचत असेल तर चेतक त्यावर लगेच सुरू व्हायची. आधीच ओव्हर झालेली असेल तर तिची अवस्था आणखी बिकट व्हायची आणि घरची मंडळी रिक्षाने लग्नाला जायची. उपाय तोच, निकाल उलटा. फरक फक्त आधी प्लग पाहिला होता की नाही, एवढाच.

आज दोष मेकॅनिकच्या माथी मारणे सोपे आहे. ‘हल्लीच्या पोरांना काही येत नाही, नुसते पार्ट बदलतात.’ यात थोडे तथ्य आहे. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आले, नव्या मोटरसायकलींतून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला, आणि त्यानंतर धंद्यात आलेल्या मुलाला जेट साफ करायची वेळ क्वचितच येते. पण गॅरेजच्या बाकड्यावर तासभर बसून पाहिले तर दुसरेच काही दिसते. मेकॅनिक अर्धा तास गाडीशी झटतो, हँडलखाली किल स्विचच्या वायरचे आवरण सोलवटले आहे आणि ती लोखंडाला लागते आहे हे शोधतो, टेप गुंडाळतो आणि गाडी पहिल्या किकला सुरू होते. तो दोनशे रुपये मागतो. मालक म्हणतो, ‘काय रे, टेपच तर गुंडाळलीस!’ त्याच मालकाला तीन हजारांचा सीडीआय बदलल्याचे बिल दिले असते, तर त्याने जुना पार्ट पिशवीत मागून घेतला असता आणि निमूट पैसे मोजले असते.

बिलात दोनच रकाने असतात, पार्ट आणि मजुरी. शोधण्याला रकाना नाही. डॉक्टरने तपासून ‘काही नाही, पाणी पीत जा’ म्हटले तरी आपण फी देतो. मेकॅनिकने तपासून ‘पार्ट ठीक आहेत’ म्हटले की त्याने काम केलेच नाही असे धरतो. मग तो पार्ट विकूनच डोके लावल्याचे पैसे वसूल करणार. गॅरेजांनी तपासणीचा दर पाटीवर लिहावा, काम तिथेच केले तर तो बिलातून वजा करावा, आणि गिऱ्हाइकाने तो कुरकुर न करता द्यावा. काही जण तपासणीच्या नावाखालीही लुबाडतील. पण नको असलेला पार्ट गळ्यात पडण्यापेक्षा ती लूट स्वस्त पडेल, आणि प्लग-पेट्रोल डोळ्यांसमोर दाखव म्हणायचा हक्कही मिळेल.

या भागात तपासणीला आणखी एक कारण आहे, ते म्हणजे उल्हास नदी. २६ जुलै २००५ च्या पुरात कल्याण-बदलापूर पट्ट्यात गाड्या बुडाल्या. जुलै २०१९ मध्ये तर वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेसच पाण्यात अडकली. बुडालेल्या गाडीला मारलेली पहिली किक सगळ्यात महाग पडू शकते. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे जोर कनेक्टिंग रॉडवर येतो. टू-स्ट्रोकमध्ये तर खालचा डबाही पाण्याने भरतो. आधी प्लग काढून पाणी उपसायचे, किक त्यानंतर.

त्यात पेट्रोलमधले इथेनॉल आता २० टक्क्यांवर गेले आहे. टाकीत पुरेसे पाणी शिरले की इथेनॉल त्याच्याशी हातमिळवणी करून तळाशी बसते आणि पेट्रोलमध्ये मिसळलेले टू-टी ऑइल वरच्या थरातच राहते. नळ तळातून ओढतो. म्हणजे गाडी सुरू होत नाही हेच बरे. झालीच तर पिस्टनला तेल मिळणार नाही.

टू-स्ट्रोकची भलामण करण्याचे कारण नाही. न जळलेले पेट्रोल धुराबरोबर बाहेर टाकणारे हे इंजिन रस्त्यावरून गेले ते योग्यच झाले. पण ज्यांच्याकडे ते आहे, त्यांनी मेअखेरीस टाकी रिकामी करावी, वाटीचा स्क्रू सोडून कार्बोरेटरही कोरडा करावा, सायलेन्सरच्या तोंडात फडके कोंबावे. दसऱ्याला लिटरमागे २५ मिलिलिटर ऑइल, किंवा कंपनीने सांगितले असेल तेवढे, घालून ताजे मिश्रण भरावे आणि आधी फडके काढावे. ते विसरून गॅरेज गाठणारेही निघतील, आणि त्यांच्याकडून तपासणीचे पैसे पूर्ण घ्यावेत.