साथसंगत : अमुकअमुक

वायमारच्या दरबारात ऑर्गन वाजवणाऱ्या योहान सेबास्टियन बाखने एक वही सुरू केली होती. चर्चमध्ये लोक गातात त्या १६४ भक्तिगीतांची नावं त्याने पानोपानी आधीच लिहून टाकली. प्रत्येक चालीवर एक छोटी रचना करायचा बेत. झाल्या ४६, बाकीची पानं कोरी राहिली. मंडळी गायला लागण्याआधी चाल त्यांच्या कानावर घालायची, हे ऑर्गनवाल्याचं नेहमीचं काम. बाखने त्या नोकरीतूनच संगीत काढलं.

मराठी मुलखात ऑर्गन गाजला तो नाटकात. पायाने भाता चालू ठेवायचा, म्हणजे दोन्ही हात सुरांना मोकळे! बालगंधर्वांच्या ‘कान्होपात्रा’तून (१९३१) तर अभंगच रंगमंचावर आले. पण वाजवणाऱ्याचं नाव? जाहिरातीत तळाशी, ‘साथसंगत’ या शब्दापुढे.

अपवाद आहेत. गोविंदराव टेंबे पेटीवाले, तरी ‘मानापमान’च्या (१९११) चाली त्यांच्या. गोविंदराव पटवर्धनांनी (१९२५–१९९६) नाट्यपदं एकट्या पेटीवर अशी वाजवली की गायकाची उणीव भासू नये. मात्र तिथेही पद दुसऱ्याचं, वाजवणाऱ्याची करामत त्या मैफलीपुरती. कागदावर फारसं काही उतरलं नाही. त्यात १९४० साली आकाशवाणीने पेटीला दार बंद केलं, ते तीसेक वर्षं.

साथ करणाऱ्याचं स्वतःचं संगीत मागे का उरत नाही, हा प्रश्न नांदेडला परका वाटू नये. सचखंड गुरुद्वाऱ्यात शबद-कीर्तन, गावोगाव भजनी मंडळं, सप्ताह. पेटी सगळीकडे आहे. विष्णुपुरीत स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचं ललित व प्रयोगजीवी कला संकुल आहे. तिथल्या विद्यार्थ्याला अभंगाची साथ करता येणं पुरेसं का मानायचं? त्याच अभंगाच्या चालीवर पेटीसाठी किंवा ऑर्गनसाठी पाच मिनिटांची स्वतंत्र रचना करून ती स्वरलिपीत लिहून द्यायला सांगावं, तिला गुणही द्यावेत. लिहिलं की रागदारीतला जिवंतपणा जातो, असा आक्षेप येईल. पण भातखंडे-पलुस्करांनी बंदिशी लिहून काढल्या, म्हणून कोणी आलापी सोडली नाही.

चाली गोळा करायला लांब जायला नको. जवळच्या गावातल्या भजनी मंडळात एकादशीच्या रात्री वही घेऊन बसलं, तरी पहिल्या वर्षाच्या दहा चाली सहज मिळतील. वहीत पानं मात्र १६४च ठेवावीत.